रुमालाखालचं बोलणं

आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या पहिल्याच दाराला एक पाटी टांगलेली असायची. लाकडी चौकटीची, शाळेत असते तशी. तिच्यावर खडूने लिहिलेलं असायचं: 'या आठवड्यात रजेवर: टेन्शन'. पुढच्या आठवड्यात 'संस्कार' रजेवर, त्याच्या पुढच्या आठवड्यात 'ॲडजस्ट'. नवीन आलेला कुरिअरवाला ती पाटी बघून बेल न वाजवताच परत जायचा. त्याला वाटायचं, साहेबच रजेवर आहेत.

हे आमचे सर. वाशीतल्याच एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि रिटायर झाल्यावर बाहेरच्या खोलीत शिकवण्या घ्यायचे. त्यांच्या घरात नियम एकच होता. पाटीवरचा शब्द उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नाही. मी अकरावीत होते तेव्हा परीक्षेच्या तोंडावर रडवेली होऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "सर, मला खूप टेन्शन आलंय."

"ते रजेवर आहे," पेपरातून डोकं वर न काढता सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी कामाला लाव."

"सर, म्हणजे स्ट्रेस…"

"तो त्याचा सख्खा भाऊ. तोही गेलाय बरोबर."

मला असा संताप आला की पाटी उचलून त्यांच्याच टकलावर हाणावी. पण वर जायचं तर दादा अभ्यासाला बसलेला. मग मी दारातच उभी राहून सगळं ओकून टाकलं. "सर, मला पेपरात काही येणार नाही. दादाला सगळं येतं. आणि बाबा ओरडणार नाहीत, पण जेवताना माझ्याकडे बघणार नाहीत."

सरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "आता तू काहीतरी बोललीस," ते म्हणाले. "बस. चहा घेतेस?" त्या दिवशी त्यांनी मला चार तास शिकवलं आणि मी काठावर का होईना, पास झाले.

तरी खरं सांगते, हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. सोसायटीतल्या निम्म्या लोकांच्या जायचा. 'कसे आहात सर' असं जिन्यात कुणी सहज विचारलं तर सर थांबून विचारायचे, "उत्तर ऐकायला वेळ आहे, की नुसतं पुढे जायचंय? दोन्ही चालेल, फक्त सांगा." कोपऱ्यावर गावठाणातली एक म्हातारी भाजी घेऊन बसायची. तिने एकदा मेथी ताजी आहे म्हटलं, तर सर विचारतात, "कुणापेक्षा ताजी?" ती कसली ऐकतेय. म्हणाली, "तुमच्यापेक्षा ताजी हाय. घ्या नायतर पुढं व्हा." सर इतके खूश झाले की एकाऐवजी तीन जुड्या घेऊन आले आणि दोन आमच्याकडे देऊन गेले. आईला वाटलं, सरांचं डोकं फिरलंय. सरांचं म्हणणं, महिनाभरात एवढं नेमकं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

डिक्शनरीवर त्यांचा फार राग. म्हणायचे, "आधार कार्डावरच्या फोटोवरून माणूस ओळखायला जाऊ नये आणि डिक्शनरीवरून शब्द. अर्थ काय डबीत भरून ठेवलेला असतो होय? दोन माणसं मिळून काहीतरी करायला घेतात, तिथे तो तयार होतो." आम्ही मुली मागच्या बाकावर बसून एकमेकींना चिमटे काढायचो. अर्थ डबीत नसतो, पण परीक्षेत डबीतलाच लिहावा लागतो, हे त्यांना कोण सांगणार?

पण एकदा मात्र मी त्यांना मनापासून टाळ्या वाजवल्या. सोसायटीने लिफ्टशेजारी बोर्ड लावला होता की बाहेरच्या व्यक्तींनी लिफ्ट वापरू नये. मतलब असा की घरकामाच्या बायकांनी आणि दूधवाल्याने जिने चढावेत. मीटिंगमध्ये सर उठले आणि अगदी शिष्यासारखं नम्रपणे सेक्रेटरींना म्हणाले, "मला फक्त एक समजावून द्या. आपला दूधवाला वीस वर्षं रोज येतो. सातव्या मजल्यावरचे मालक दुबईला असतात, तीन वर्षांतून एकदा येतात, आणि आले की वॉचमनला आपलं नाव सांगावं लागतं. यातले बाहेरचे कोण?" सेक्रेटरी म्हणाले, सर, तुम्हाला अर्थ कळतोय, उगाच घोळ घालू नका. सर म्हणाले, "मला चांगलाच कळतोय. तो तुम्ही बोर्डावर लिहून दाखवा, मग मी गप्प बसतो." आता तो कोण लिहिणार? दुसऱ्या दिवशी बोर्ड खाली उतरला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्या दिवशी मुद्दाम लिफ्टने एक चक्कर वरपर्यंत मारली, काम नसताना.

सरांची आणि माझ्या बाबांची दोस्ती मात्र मला कधी कळली नाही. बाबा साताऱ्याकडचे. कुमारवयात मुंबईला येऊन पाठीवर पेट्या वाहिल्या, मग वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर विक्रीचा माणूस झाले. तिथे भाव तोंडाने ठरत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात, आणि खाली एकमेकांची बोटं धरून बोलतात. किती बोटं धरली, तेवढा भाव; अर्धंच बोट धरलं तर अर्धा. नको असेल तर हात झटकायचा, पटला तर पंजा दाबायचा. आजूबाजूला दहा जण उभे असले तरी कुणाला पत्ता लागत नाही. आणि तोंडावर काही दिसलं तर तो माणूस त्या धंद्यात कच्चा. बाबांचं तोंड घरीसुद्धा तसंच कोरं राहायचं. माझा बारावीचा निकाल सांगितला तेव्हाही तसंच. मग आत जाऊन त्यांनी सगळ्या गाळ्यांवर फोन केले, ते आईने सांगितलं.

तर सर दर आंब्याच्या सीझनला पहाटे उठून तो रुमाल बघायला बाजारात जायचे. बाबा घरी येऊन सांगायचे, "तुझं ते सर आज परत आलं हुतं. रुमालाकडं बघत उभं. म्या म्हणलं, सर, बघून काय घावायचं न्हाय, हात घालाय लागतो. तर म्हणत्यात, हेच मी तीस वर्सं पोरांना सांगतोय."

एकदा सरांनी विचारलं होतं की भाऊ, मला शिकवाल का? बाबांनी चक्क नाही म्हटलं. माल समोर नसताना, घ्यायचं-द्यायचं नसताना उगाच खोटा हात घालायचा नाही, हा बाबांचा नेम. तो हात मग खोटाच पडतो म्हणाले. सर हिरमुसले नाहीत. उलट वहीत लिहून घेतलं आणि आठवडाभर जो भेटेल त्याला ते वाक्य ऐकवत सुटले.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तोंडातून एकच आवाज निघायचा, आणि तो सगळ्याला सारखाच. मान हलवायचे, पण तिचा भरवसा नाही. पाणी हवं का, हो. नको का, हो. बाबा, मी कोण, हो. डॉक्टर म्हणाले, आत किती कळतंय ते नक्की सांगता येत नाही. बोलणं शिकवणारी एक मुलगी यायची, चांगली होती बिचारी, चित्रांची कार्डं दाखवायची. सफरचंद, कप, चप्पल. बाबा कार्डाकडे एकदा बघायचे आणि खिडकीकडे तोंड फिरवायचे. चार महिने हेच.

आणि हळूहळू आम्ही त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायला लागलो. लाज वाटते सांगायला, पण मीसुद्धा. 'त्यांना भरवलं का', 'त्यांना झोपवलं का', समोर बसलेल्या माणसाबद्दल. दादा ऐरोलीला कंपनीत, मी रबाळ्याला, आईची कंबर गेलेली, सांभाळायला ठेवलेली बाई दर पंधरा दिवसांनी बदलायची. शेवटी दादाने ठरवलं की आई-बाबांना गावी काकांकडे ठेवायचं. घर मोठं आहे, अंगण आहे, माणसं आहेत. वाईट विचार नव्हता त्याचा. पण बाबा गावी जायचे ते वर्षातून एकदा यात्रेला, आणि जन्मभर म्हणत आले होते की पोट या बाजारानं भरलं, मरीन तर इथंच. मी दादाला म्हटलं, त्यांना एकदा विचार तरी. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "कसं विचारू, तूच सांग. विचारलं तर हो म्हणतील. उलटं विचारलं तरी हो म्हणतील. त्यांना इथे काय आणि तिथे काय."

मी सरळ खाली सरांकडे गेले. पाटीवर त्या आठवड्यात काय होतं ते बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "सर, आयुष्यभर अर्थ-अर्थ करत आलात ना? माझ्या बाबांच्या आत तो उरलाय की नाही, तेवढं सांगा. रविवारी गाडी येतेय."

सर लगेच वर आले. आणि पहिल्या दिवशी साफ आपटले. खुर्ची ओढून बसले आणि हो म्हणजे डोळे मिटणं, नाही म्हणजे उघडे ठेवणं, असलं काहीतरी बाबांना समजावू लागले. बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तासाभराने सर उठले. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. जिन्यात मला म्हणाले, "मी गाढव आहे. जे दुसऱ्यांना करू नका म्हणून सांगितलं तेच केलं. डबी घेऊन गेलो." आणि दोन दिवस त्यांनी दारच उघडलं नाही.

रविवारी सकाळी गाडी दहाला यायची होती. बाबांची बॅग भरून दारात ठेवली होती. साडेआठला सर आले ते खांद्यावर हापूसची पेटी घेऊन. सत्तरीचा माणूस, घामाने निथळत, बाजारातून स्वतः उचलून आणलेली. हमाल मागे लागला तरी केला नव्हता म्हणे. पेटी त्यांनी बाबांच्या खुर्चीसमोर ठेवली, फळी उचकटली, गवत बाजूला सारलं. खोलीत वास भरला. मग बाबांचा जुना पांढरा रुमाल आईकडून मागून घेतला आणि म्हणाले, "भाऊ, हा तुमचा माल. मला घ्यायचाय. खरंच घ्यायचाय, पाव्हणे आलेत घरी. बोला."

रुमाल त्यांनी बाबांच्या उजव्या हातावर टाकला आणि स्वतःचा हात खाली घातला. काहीच नाही. उजवा हात मेलेलाच होता, त्याला काय कळणार. दादा म्हणाला, "सर, प्लीज. नको." सर हात काढणार तेवढ्यात बाबांचा डावा हात मांडीवरून उठला. सावकाश, पोटावरून सरकत आला आणि रुमालाखाली शिरला.

आई दारात होती, तिने चौकट धरली.

सरांनी बोटं धरली. किती धरली देव जाणे, पण बाबांनी असा हात झटकला की रुमाल उडून पेटीवर पडला. चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा कशालातरी ठाम नकार दिला होता.

"नको म्हणतायत," सर हळूच म्हणाले.

"दचकले असतील," दादा म्हणाला.

"शंका रास्त आहे," सर म्हणाले, अगदी वर्गात म्हणायचे तसं. "तपासून बघू." रुमाल परत घातला. परत झटका. तिसऱ्यांदा झटका, आणि या वेळी बाबांच्या घशातून असा एक आवाज आला, जो ते गाळ्यावर फुकट्या गिऱ्हाइकाला उद्देशून काढायचे. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

दादा अस्वस्थ झाला होता. शाळेच्या सुट्टीत तो बाबांबरोबर बाजारात जायचा. इंजिनियर झाल्यावर त्याने त्या दिवसांचं नावही काढलं नव्हतं. तिसऱ्या झटक्याला त्याला राहवलं नाही. "सर, असं नाही धरत. बोटं मुळापासून धरायची. आणि तुम्ही काय भाव बोलताय माहितीय का? त्यात एक डझन पण यायचे नाहीत."

"मला येत नाही," सर म्हणाले आणि उठून उभे राहिले. "तुला येतं. बस."

दादा बसला. त्याने हात घातला. मला दिसत होतं ते एवढंच, की रुमाल हलत होता. झटका. परत हालचाल. परत झटका, पण हलका. मग बाबांच्या बाजूने रुमाल हलला. दादाच्या हाताने नाही, बाबांच्या. ते त्याची बोटं मोजून धरत होते. दादाने वर बघितलं. "ते उलटा भाव सांगतायत," तो म्हणाला. "आणि बरोबर सांगतायत. सीझनच्या सुरुवातीला असतो तोच भाव आहे." त्याने पंजा दाबला. बाबांनी दाबला. बाबांचं तोंड तसंच कोरं. आणि आम्ही चार महिने त्या कोऱ्या तोंडाकडे बघून म्हणत होतो, यांना काही कळत नाही. अहो, तो माणूस धंद्यात पक्का होता, एवढंच.

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आता हे मोठं भाषण ठोकणार. जन्मभर लोकांनी ज्याला रिकामटेकडी बडबड म्हटलं, ते आमच्या हॉलमध्ये खरं ठरलं होतं. पण सरांनी आंब्याची पेटी उचलून बाजूला ठेवली, दारात जाऊन बाबांची भरलेली बॅग आणली आणि पेटीच्या जागी ठेवली.

"माल समोर हवा," ते म्हणाले. "आता खरा सौदा कर."

दादाला कळलं. आम्हा सगळ्यांनाच कळलं. घड्याळात नऊ वाजून गेले होते. दादा बॅगेकडे बघत बसला, मग वडिलांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बाबा, गावी. महिने."

रुमाल हलला. पाच बोटं धरली असणार, कारण झटका असा बसला की दादाचा हात बाहेर आला. त्याने परत घातला. झटका. परत. झटका. दादा खाली-खाली येत होता आणि दर वेळी बाबा हात सोडवून घेत होते. आईने डोळ्याला पदर लावला होता, पण मी तिच्याकडे बघितलं तर ती हसत होती. शेवटी दादाचा हात थांबला. बहुतेक एकावर आला होता. त्यालाही झटका. मग बाबांचा हात दादाच्या हातावर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

रुमालाखाली काय झालं ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते दादाचं तोंड, आणि ते अजिबात कोरं नव्हतं. त्याने पंजा दाबला, तसाच धरून ठेवला, आणि मोकळ्या हाताने खिशातून फोन काढला. सर हळूच भिंतीला टेकले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

पलीकडे काका उचलल्या-उचलल्या एवढ्या मोठ्याने बोलत होते की आम्हालाही ऐकू येत होतं. गाडी निघाली का, जेवायला किती वाजता पोचताय.

"काका, आज येत नाही," दादा म्हणाला. "यात्रेला येतील. पंधरा दिवस. त्याच्यावर एक दिवस नाही."

"अरे पण ठरलं होतं ना आपलं? मग मोडलं कुणी? आईनं?"

"नाही."

"तू?"

"नाही काका," दादा म्हणाला. रुमालाखालचा हात त्याने अजून सोडला नव्हता. "बाबा म्हणाले."